लेबल जिथे गप्प बसते

काही महिन्यांपूर्वी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली आणि पुढे त्वचा सोलवटू लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली, तेव्हा मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले. पाणी अधिक असलेल्या द्रावणांत जीवाणू आणि बुरशी वाढू नये म्हणून तो अगदी अल्प प्रमाणात घातला जातो. त्वचेवर तशीच राहू दिली जाणारी क्रीम, लोशन यांसारखी जी प्रसाधने असतात, त्यांत त्याचा वापर करण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून मनाई केली आहे. भांडी घासण्याच्या आणि फरशी पुसण्याच्या द्रावणांत मात्र तो अजूनही आढळतो.

त्या दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या मी टेबलावर मांडल्या. एकीवर नुसते ‘परिरक्षक’ असे लिहिले होते, दुसरीवर घटकांचा उल्लेखच नव्हता. त्या दुसऱ्या बाटलीच्या उत्पादकाला मी पत्र लिहिले, तर ‘घटकांची माहिती हे आमचे व्यावसायिक गुपित आहे’ असे उत्तर आले.

हे उत्तर मला मान्य नाही. कोणता पदार्थ किती आणि कसा मिसळायचा, हे गुपित असू शकते. पण ज्या पदार्थाने माझी त्वचा सोलवटते, त्याचे नाव गुपित कसे? युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाने डिटर्जंटमधील परिरक्षक, प्रमाण कितीही कमी असले तरी, नावानिशी सांगणे बंधनकारक केले आणि इतर प्रमुख घटकांसाठी ‘५ टक्क्यांहून कमी’, ‘५ ते १५ टक्के’ असे टप्पे ठरवून दिले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये स्वच्छता उत्पादनांसाठी असाच कायदा केला. त्यामुळे कुणाची पाककृती उघडी पडली नाही.

सर्वाधिक दडते ते ‘सुगंध’ या एका शब्दामागे. त्यात कित्येक वेगवेगळी रसायने असू शकतात, आणि लिनालूल किंवा लिमोनीन यांसारखी काही हवेशी संयोग पावल्यावर अ‍ॅलर्जी निर्माण करतात. ‘गंधविरहित’ लिहिलेल्या बाटलीतही मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, हे मला फार उशिरा कळले.

पर्यावरणाविषयीचे दावे वाचताना मी आता ‘कोणत्या चाचणीनुसार?’ एवढे आधी शोधते. ‘सीएफसी-मुक्त’, म्हणजे ओझोनच्या थराला घातक क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने नसलेले, या शब्दांना फारसा अर्थ उरलेला नाही, कारण १९८७ च्या माँट्रियल करारानंतर स्प्रेच्या डब्यांतून ती रसायने हद्दपारच झाली. ‘जैवविघटनशील’ या शब्दाला मात्र अर्थ देता येतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या एका प्रमाणित चाचणीत २८ दिवसांत झालेले विघटन ऑक्सिजनच्या वापरावरून मोजतात आणि ते किमान ६० टक्के असावे लागते. पण ही चाचणी सहसा एकेका पदार्थाची असते. बाटलीवरचा हिरवा शिक्का तिच्यातल्या साबणापुरता आहे, संपूर्ण द्रावणाला लागू आहे की प्लॅस्टिकलाही, हे बहुतेक लेबले सांगत नाहीत.

त्या उत्पादकाला मी दुसरे पत्र पाठवले आहे. त्यात प्रमाण विचारलेले नाही. मेथिलआयसोथायाझोलिनोन त्यात आहे की नाही, एवढेच विचारले आहे. उत्तर येईपर्यंत ती बाटली झाकण घट्ट लावून कपाटात बाजूला ठेवली आहे.