बेदाणा शेडमधली आय-टू-सी: सहा मीटरवर ड्रायव्हर चालला

मंडळी, सावळजच्या मामांच्या शेडसाठी बनवत असलेला तापमान-आर्द्रता लॉगर टेबलावरून उतरून रॅकवर चढला. वरच्या जाळीवर एक आणि तळाच्या जाळीवर एक असे दोन एसएचटी३१ सेन्सर, वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, नोंदींसाठी त्याच मॉड्यूलवरची २४सी३२ ईईप्रॉम (वीज गेली तरी नोंदी टिकवणारी मेमरी). हे सगळं त्याच दोन तारांवर (हीच आय-टू-सी, चिप्सना आपसात बोलायची बस), आणि चालवायला अ‍ॅटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर. लायब्ररी घेतली नाही. टीडब्ल्यूआयचे, म्हणजे कंट्रोलरमधल्या आय-टू-सी विभागाचे, रजिस्टर थेट हाताळणारा ड्रायव्हर (बस चालवणारा कोड) लिहिला. त्याचं कारण पुढे येईलच.

तासगाव भागात ज्यांचं बेदाण्याचं काम नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: द्राक्षं द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर टाकली की साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो, ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत. मध्येच अवकाळीचे ढग आले, हवा दमट झाली, की मणी काळवंडतात आणि दर पडतो. मामांचं म्हणणं सरळ होतं: "वरचा माल आधी वाळतो हे आम्हास्नी ठावं हाय. फरक किती, ते आकड्यात दाव."

आता तारेचं. फिलिप्सने १९८२ मध्ये आय-टू-सी आणली ती एकाच उपकरणाच्या आतल्या चिप्स एकमेकांशी बोलाव्यात म्हणून. शेडच्या लांबीचा विचार त्यात नव्हता. दोन्ही तारा ओपन-ड्रेन, म्हणजे चिप फक्त खाली ओढते. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं, तो तारेला पुरवठ्याच्या व्होल्टेजशी जोडतो. तार लांबली की तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि सिग्नल वर चढायला वेळ लागतो. नियम असा: १०० किलोहर्ट्झच्या मोडला चढण्याचा वेळ १००० नॅनोसेकंदांच्या आत हवा, बसची एकूण धारिता ४०० पिकोफॅराडच्या आत.

मी नेटवर्कची कॅट-५ केबल घेतली. तिच्या एका जोडीची धारिता मीटरला साधारण ५० पिकोफॅराड. सहा मीटरला ३०० झाली, चिप्स आणि कनेक्टर धरून ३५० म्हणू. चढण्याचा वेळ ०.८४७ गुणिले रेझिस्टर गुणिले धारिता. ४.७ किलोओहम घातला तर १.४ मायक्रोसेकंद, म्हणजे नापास. २.२ किलोओहमला ६५० नॅनोसेकंद. त्याहून फार खालीही जाता येत नाही, कारण चिपने ३ मिलिअँपिअरपर्यंतच ओढावं अशी अपेक्षा असते. ५ व्होल्टला तळाची हद्द सुमारे १.५ किलोओहम. प्रत्येक मॉड्यूलवर आधीच पुल-अप बसवलेले असतात आणि ते सगळे समांतर लागतात, म्हणून ते उतरवले आणि बोर्डाजवळ २.२ किलोओहमची एकच जोडी ठेवली. एसडीए (डेटाची तार) आणि एससीएल (ठोक्यांची तार) वेगवेगळ्या पिळात, प्रत्येकीच्या सोबतीला ग्राउंड. दोन्ही एकाच पिळात घातल्या तर एकीचा धक्का दुसरीला बसतो.

विश्रामबागच्या मित्राकडे ऑसिलोस्कोपवर ही चढण पाहिली आणि फार समाधान वाटलं. स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर इथे उपयोगी नाही. त्याला शून्य आणि एक एवढंच कळतं, त्यामुळे उतार कितीही वाकडा असला तरी तो चौकोनच काढतो. वेग मी ५० किलोहर्ट्झवर आणलाय. कंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर असताना त्यासाठी टीडब्ल्यूबीआर या वेग ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये १५२. तासाला एक नोंद घ्यायची, घाई कसली?

ड्रायव्हरचा खरा जीव स्टेटस कोडमध्ये आहे. टीडब्ल्यूएसआर या स्टेटस रजिस्टरला हेक्स एफ८चा मास्क लावून (खालचे तीन बिट झाकून) वाचलं की बसवर काय घडलं ते चिप स्वतःच सांगते. हेक्समध्ये ०८ म्हणजे स्टार्ट गेला, १८ म्हणजे लिहिण्यासाठी हाक मारली आणि ओ आली, २० म्हणजे कुणी ओ दिली नाही. वाचताना ४८ (वाचायला हाक मारली, ओ नाही) आला तर मात्र लगेच बोंब मारू नये. एसएचटी३१ मापन करत असताना वाचायला गेलं की तो मुद्दाम ओ देत नाही. जास्तीत जास्त १५ मिलिसेकंदांत मोकळा होतो. म्हणून ४८ला थोडं थांबून पुन्हा विचारायचं आणि २०ला तो सेन्सर गैरहजर मांडून पुढे जायचं. ही बारीक तफावत हातात राहावी म्हणूनच ड्रायव्हर स्वतः लिहिला.

गैरहजेरी इथे नेहमीची असणार आहे. गंधकाची धुरी देताना मामा सेन्सर काढून ठेवतील, तेवढ्यासाठी बाकीची बस अडून चालणार नाही. म्हणून टीडब्ल्यूआयएनटीची (काम झाल्याची खूण देणाऱ्या बिटची) वाट पाहणाऱ्या प्रत्येक लूपला मुदत घातली. दुसरी काळजी वॉचडॉग रीसेटची (प्रोग्रॅम अडकला की कंट्रोलर आपोआप पुन्हा सुरू होतो त्याची): कंट्रोलर नव्याने सुरू होतो, पण सेन्सर अर्धवट बाइटमध्ये एसडीए खाली धरून बसलेला असतो. त्यावर उपाय ठरलेला आहे. टीडब्ल्यूआय बंद करून एससीएलवर हाताने नऊ ठोके द्यायचे, मग स्टॉप. सुरुवातीलाच हे करतो, बस अडकलेली असो वा नसो.

एसएचटी३१ प्रत्येक दोन बाइटांमागे सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा बाइट) पाठवतो. आपलं गणित तपासायला डेटाशीटमध्येच उदाहरण आहे: हेक्समध्ये बीईईएफ दिलं की ९२ यायला हवं. लांब तारेवर हा बाइट टाकून देऊ नका.

ईईप्रॉममध्ये एक नोंद आठ बाइटांची: दोन बाइट तासाचा क्रमांक, प्रत्येक सेन्सरचे दोन बाइट तापमान आणि एक आर्द्रता. पान ३२ बाइटांचं असल्याने नोंद कधी पानाची हद्द ओलांडत नाही. ओलांडली असती तर लिहिणं त्याच पानाच्या सुरुवातीला वळलं असतं आणि जुनी नोंद पुसली गेली असती. ४०९६ बाइटांत ५१२ नोंदी, म्हणजे २१ दिवस. बेदाण्याची एक घाण (एका वेळी वाळवायला टाकलेला माल) आरामात निघते.

जाता जाता: हे डीएस३२३१ मॉड्यूल वापरताना सीआर२०३२ सेल लावणार असाल तर डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर आधी काढा. नाहीतर चार्ज न होणाऱ्या सेलला ते चार्ज करत राहतं.

पुढचा टप्पा शेडच्या दुसऱ्या टोकाचा रॅक. तिथवर वीस मीटर केबल, म्हणजे १००० पिकोफॅराड, आणि नुसत्या रेझिस्टरने ते निभणार नाही. पी८२बी७१५ हा बफर दोन्ही टोकांना लावायचा विचार आहे. केबलच्या बाजूला तो ३००० पिकोफॅराडपर्यंत झेपवतो. कुणी एवढ्या अंतरावर वापरला असेल तर केबलच्या बाजूचे पुल-अप किती ठेवले ते सांगा.