हसलो की गुडघे जायचे

अमळनेर ते जळगाव मी रोज अप-डाउन करतो. मध्ये धरणगाव, पाळधी, की आलंच जळगाव. तरी महिन्यातून तीन-चारदा मला जाग यायची ती भुसावळला. आमच्या अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात. घरात शिरलो की माय विचारायची, "आज परत जपी गया का रे?"

हे सुरू झालं एकोणिसाव्या वर्षी. रात्री सात-आठ तास झोपूनही दहा वाजता डोळे मिटायचे. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात गाठींच्या पावत्या लिहिताना हात चालूच राहायचा आणि पुढच्या चार ओळींत भलतंच काहीतरी उमटलेलं असायचं. त्यात मे महिन्यात पारा 45 वर गेला की दुपारी सगळं खानदेशच आडवं होतं, मग माझं वेगळेपण कोणाच्या लक्षात येणार! आळशी, रात्रभर मोबाइल बघतो, एवढ्यावर विषय संपायचा.

मग चुलतभावाच्या हळदीला कोणीतरी चुटका सांगितला. मी खळखळून हसलो आणि गुडघ्यांतून जीवच गेला. खाली बसलो, मान लोंबली, जीभ वळेना. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल शोधत होतं. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात उठलो, तोवर "फेफरं" हा शब्द मांडवभर झाला होता.

पुढची सहा वर्षं मी फिटच्या गोळ्या खाल्ल्या. मेंदूचा आलेख नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल. गोळ्यांनी झोप आणखी वाढली. पहाटे जाग येऊनही अंग हलायचं नाही, खोलीत कोणीतरी उभं आहे असं दिसायचं. त्यासाठी आत्याने ताईतही बांधला.

शेवटी पुण्यात मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडताना आजूबाजूचं ऐकू येतं का? आणि हसल्यावरच पडता का?" हे आधी कोणीच विचारलं नव्हतं. त्यांनी फिटच्या गोळ्या एकदम न तोडता हळूहळू कमी केल्या (मी मनानेच सोडणार होतो, त्यांनी दटावलं), दोन आठवडे झोपेची वही लिहायला लावली आणि मग तपासणीला बोलावलं.

पहिली रात्र डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी लावून झोपायचं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, असं पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं आडवं व्हायचं. मधल्या वेळात झोपायचं नाही आणि चहाही नाही. माझ्यासाठी हीच खरी परीक्षा. कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालून पाय दुखले. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यात दोनदा तरी लगेच स्वप्नाची झोप आली, तर नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, धरतात. मला सरासरी तीन मिनिटं लागली आणि चार वेळा स्वप्नाची झोप आली. एरवी माणसाला त्या झोपेत जायला तासाच्या वर लागतो.

बाईंनी समजावलं, मेंदूत ओरेक्सिन नावाचं, जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मेल्या आहेत. बहुधा शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच त्या मारल्या. त्या परत येत नाहीत. त्यामुळे स्वप्नाच्या झोपेत अंग जसं लुळं पडतं, तसं माझं जागेपणी, हसण्याच्या भरात पडतं. या आजाराला 1880 साली नाव देणाऱ्या जेलिनो या फ्रेंच डॉक्टरकडे आलेला एक दारूच्या पिंपांचा व्यापारीही हसला की पाय गळून बसायचा म्हणे. ऐकून बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

आता जागं राहायला सकाळी मोडाफिनिलची गोळी, पडणं थांबवायला व्हेनलाफॅक्सिनची. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकलं. पण खरा फरक पडला ठरवून झोपण्याने. दुपारी दीडला वीस मिनिटं, सरकीच्या गोण्यांमागे सतरंजीवर. शेठना रिपोर्ट दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना!" आधी मलाच कुठे माहीत होतं? डबा हलका आणतो. शेवभाजी रविवारी घरी. मोटारसायकल भावाला दिली, हे मात्र अजून खुपतं.

गाडीत आमचा पत्त्यांचा डाव असतो. कोणी नवा चुटका काढला की समोरचे काका हात वर करतात, "थांब रे, आधी त्याला बसू दे."