दुसरं ग्राफिक्स कार्ड जोडायचं की आहे तेच बदलायचं? माझा अनुभव

मशीन असं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि जीटीएक्स १०७० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. नवे गेम अडखळायला लागले, तेव्हा दोन पर्याय होते. सेकंडहँड बाजारातून आणखी एक १०७० आणून जोडी लावायची, किंवा १०७० काढून एकच नवं कार्ड बसवायचं. जोडी स्वस्तात पडते असं वाटतं, म्हणून आधी तिचाच हिशोब केला.

त्याआधी एक तपासणी. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करून, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवून गेम चालवला. कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के दिसला, म्हणजे कार्डच कमी पडत होतं. हाच आकडा ६०-७० वर असेल आणि रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर अडतोय. मग कुठलंही कार्ड घ्या, पैसे वायाच.

जोडीचं गणित मदरबोर्डवरच फसलं. दोन कार्डं एकत्र चालवण्याची एनव्हिडियाची सोय म्हणजे एसएलआय, आणि तिला दोन्ही स्लॉटना किमान आठ-आठ लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) लागतात. माझ्या बी४५० वर प्रोसेसरच्या सोळा लेन एकाच स्लॉटला मिळतात. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच असला, तरी तो चिपसेटवरून (मदरबोर्डवरच्या दुय्यम चिपवरून) येणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस २.० या जुन्या, हळू पिढीच्या चार लेनवर चालतो. १०६० वाल्यांचा तर प्रश्नच नाही, त्या कार्डावर दोन कार्डं जोडणाऱ्या पुलाचा कनेक्टरच नसतो.

बोर्ड चालणारा असता तरी मी जोडी लावली नसती. एसएलआयमध्ये एक फ्रेम पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं. त्यामुळे सगळी टेक्श्चर्स (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) दोन्हींत भरावी लागतात आणि ८ अधिक ८ जीबी मिळून ८ च राहतात. शिवाय आजचे गेम मागच्या फ्रेममधली माहिती पुढच्या फ्रेमला वापरतात, म्हणजे कार्डांना एकमेकांची वाट बघणं आलं. फ्रेमच्या काउंटरवर आकडा चांगला दिसतो, पण डोळ्यांना झटके जाणवतात. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवी एसएलआय प्रोफाइल्स (गेमगणिक लागणाऱ्या ड्रायव्हरमधल्या सेटिंग्ज) देणं थांबवलं. डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) मध्ये दोन कार्डांचा आधार गेम बनवणाऱ्यांनी स्वतः लिहायचा असतो, आणि तो लिहिणारे अगदी थोडे. काही नवे गेम तर हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाचे किरण मोजण्याची कार्डातली खास सोय) सुरूच होत नाहीत. तिथे १०७० एक असो की दोन, उत्तर नाहीच.

विजेचा हिशोबही जमत नव्हता. दोन १०७० चे ३००, प्रोसेसरचे ९० च्या आसपास, बाकीचे ५० धरले तर ४४० वॅट. ५५० वर हे कागदावर बसतं, पण कार्डं क्षणभर याहून जास्त ओढतात. त्यात वरच्या कार्डाचे पंखे खालच्याच्या पाठीवरची गरम हवा खेचणार. मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या प्लगचे) कन्व्हर्टर लावून कार्डासाठी आठ पिन तयार करणं म्हणजे जळक्या वासाला आमंत्रण.

म्हणून एकच कार्ड: आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॅट घेतं आणि वेगवानही आहे, पण ते आठच लेन वापरतं आणि त्याची मेमरी ८ जीबी. माझ्या बोर्डावर पीसीआय ३.० आहे. मेमरी भरली की माल रॅममधून त्याच अरुंद वाटेने येतो, आणि फटका तिथे बसतो. ३०६० सोळा लेनचं, १७० वॅटचं. पीसीआय ४.० चा बोर्ड असता तर मी ४०६० घेतलं असतं. खरेदी करताना एक सापळा लक्षात ठेवा: ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं. त्याचा मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिटचा आहे, म्हणजे फक्त मेमरी कमी नाही, वेगही कमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, खोक्यावरचा आकडा वाचा.

कार्ड बसवण्याआधी कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं. वीज बंद करून, वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवलं. कार्डाच्या टोकाशी स्लॉटची खिट्टी असते. बोट पोचत नसेल तर ती प्लास्टिकच्या पट्टीने दाबायची, कार्ड ओढायचं नाही. प्रोसेसरची आठ पिनची वायर (४+४) आणि कार्डाची (६+२) सारख्याच दिसतात, पण त्यांची जोडणी उलटी असते. ती जोर लावून बसवू नका. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) पॉवर सप्लाय असेल तर दुसऱ्या मॉडेलच्या वायरी वापरू नका, प्लग बसला तरी.

जुनं कार्डही एनव्हिडियाचं होतं, म्हणून ड्रायव्हर इन्स्टॉल करताना क्लीन इन्स्टॉलेशनवर टिक केली, तेवढं पुरलं. एएमडीवरून येत असाल तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

खरा वेळ गेला रिसायझेबल बारमध्ये, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीत. त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय, बंद लागतं, आणि विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग विंडोजमधल्याच एमबीआरटूजीपीटी साधनाने डिस्क तपासून जीपीटी या नव्या विभागणीत बदलली, आणि त्यानंतरच सीएसएम बंद करून त्याला लागणारं अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार सुरू केले. क्रम उलटा झाला आणि मशीन अडलं, तर घाबरू नका, सीएसएम परत सुरू करा.

शेवटी जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लेन पाहिल्या. मशीन रिकामं असताना तिथे 'एक्स१६ १.१' दिसतं, म्हणजे लेन सोळा पण वेग पीसीआय १.१ चा. ती वीज वाचवण्याची सोय आहे, बिघाड नाही. प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवली की ३.० दिसतं.

जुनं १०७० ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी खालच्या स्लॉटमध्ये ठेवायचा विचार होता. तिथे पुलाची गरज नसते, दोन्ही कार्डं आपापले तुकडे रेंडर करतात. पण एनव्हिडियाने १० मालिकेचे नियमित गेम रेडी (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आणि विंडोजमध्ये दोन एनव्हिडिया कार्डांना एकच ड्रायव्हर चालवावा लागतो. १०७० आत राहिलं असतं तर ३०६० लाही जुन्याच ड्रायव्हरवर अडकून राहावं लागलं असतं. म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये गेलं.