वर मासे कमी म्हणजे नदी गरीब असं नाही

पावसाळा लागला की आपलं अर्धं इंदूर चोरलला नाहीतर पाताळपाणीला पळतं, धबधब्याचे शेकडो फोटो निघतात, पण त्या पाण्यात मासे कोणते आहेत हे कुणी बघत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

डोंगरातून उतरणाऱ्या नदीत वरून खाली येताना मासे बदलत जातात. ढोबळ नियम विंध्यात, सह्याद्रीत आणि पार दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमध्येही सारखाच आहे, वर प्रजाती मोजक्या आणि खाली येऊ तशा वाढत जातात. बऱ्याचदा वरचे मासे जाऊन दुसरे येतात असंही नसतं, वरचे राहतात आणि त्यात नवे येऊन मिळतात, कारण खाली डोह खोल, पाणी बारमाही, गाळ, शेवाळ, पाणवनस्पती, म्हणजे राहायच्या आणि खायच्या जागाच जास्त. वर मात्र उतार, करंट आणि मधे धबधबे.

त्या करंटमध्ये टिकणारे मासे बघायचे असतील तर दिवाळीच्या आसपास पाणी निवळलं की ओढ्यावर जा. गारा नावाचा मासा असतो, बोटाएवढा, पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला आणि हनुवटीवर एक गोल चकती. ती दगडाला टेकवून, पुढचे पर पसरून तो भर धारेत चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. भाच्याला दाखवला तर म्हणाला, "मामा, हा वाहून का नाही जात?" मला तर हा प्रश्नच फार आवडला, कारण सगळं त्यातच आहे. ग्लिप्टोथोरॅक्स नावाच्या छोट्या कॅटफिशच्या छातीवर चिकटायला कातडीच्या घड्या असतात, आणि अँडीजमधला अ‍ॅस्ट्रोब्लेपस तर तोंडाने दगड धरत ओला कडा चढतो! वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या कुळांत, पण अडचण एकच.

ऑक्सिजनचंही आहे. १५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्राम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आपल्यासारख्या उष्ण भागात खळाळतं, सावलीतलं पाणी म्हणूनच या माशांना लागतं, साचलेल्या कोमट पाण्यात मरळ तोंड वर काढून हवा घेते, गाराला ते जमत नाही.

मग आपली नर्मदा. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर, आणि तिचा मानाचा मासा महाशीर, २०११ मध्ये मध्य प्रदेशाचा राज्य मासा झाला. त्याला डोह हवेत आणि वाहतं पाणीही हवं, पावसात तो वर चढतो, अंडी स्वच्छ वाळू-खडीवर घालतो. इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशी धरणं झाल्यावर मधल्या वाहत्या पट्ट्याचा लांबच लांब तलाव झाला, खडी गाळाखाली गेली, चढायची वाट अडली. तलावात कटला-रोहूचं बीज सोडतात, ते मासे वाढतातही छान, त्यामुळे मासळी किती टन निघाली एवढंच बघितलं तर सगळं ठीक वाटेल. मला हेच खटकतं. टनांचा हिशोब तलावाचा आहे, महाशीर आणि गारा वाहत्या पाण्याचे, त्यांची मोजणी त्या आकड्यात येतच नाही, ती ओढ्या-ओढ्यात, दर उंचीला वेगळी करावी लागते.