जॅक्सन आणि पैसे

अमेरिकन जॅझवादक मिल्ट जॅक्सनचं नाव काढलं की कुणीतरी विचारतंच: २२ वर्षं चाललेलं मॉडर्न जॅझ क्वार्टेट हे चौघांचं पथक त्याने १९७४ मध्ये पैशांपायी मोडलं, तरी तुम्ही त्याला एवढं का मानता? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

हो, पैशांपायीच. वर्षभर दौरे करायचे आणि रॉकवाल्यांच्या मानाने हातात काहीच नाही, हे त्याला सलत होतं. त्याने ते लपवलंही नाही. तो व्हायब्राफोन वाजवायचा. त्या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांखाली नळ्या असतात, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर चकत्या फिरतात, त्याने सूर थरथरतो. आधीचा नावाजलेला व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टन, त्याच्यापेक्षा जॅक्सन ती मोटर कितीतरी संथ ठेवायचा. बीबॉप नावाच्या जॅझशैलीच्या धावत्या लयीतसुद्धा त्याचा सूर गळ्यातून आल्यासारखा लांबतो. आता ह्याचा मोबदला मागितला तर बिघडलं कुठे?

माझे वडील मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हेच वाद्य वाजवायचे. एकदा शिफ्ट संपून बराच वेळ गेला, तरी टेक ओके होईना. त्यांनी जादा पैशांचं विचारलं. संगीतकाराचा सहायक सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, कलेत हिशेब बघायचा नसतो." वडील काही बोलले नाहीत. पट्ट्या दोरीसकट गुंडाळल्या, नळ्या चादरीत बांधल्या आणि सगळं टॅक्सीच्या कॅरियरवर टाकून घरी आले. भाडं खिशातून गेलं. त्या माणसाकडून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि अशा गोष्टी पसरतात, त्यामुळे इतरांकडूनही कमीच. मी तेव्हा कॉलेजात. तावातावाने म्हणालो, "एवढ्याशासाठी?" ते म्हणाले, "तुझी फी त्या एवढ्याशातूनच जाते."

त्या कॉलेजातल्या पोराशी मी अजून भांडतो. पण त्याचं सगळंच खोडून काढता येत नाही. क्वार्टेटचा पियानोवादक जॉन लुईस ह्याच्या आखीव रचनेत जॅक्सनचा ब्लूज जसा उसळून वर येतो, तसा क्वार्टेट सोडल्यानंतरच्या त्याच्या कितीतरी रेकॉर्डमध्ये येत नाही. तिथे तो मोकळा आहे, आणि मला तो थोडा सैल वाटतो. मग सोडलं ते चुकलं म्हणू? म्हणवत नाही.

१९८१ मध्ये ते चौघे पुन्हा एकत्र आले, हे मी वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "रेट वाढवून ना?"