आउटबोर्डचा टेकू: ट्रेलरच्या कामाची आतापर्यंतची नोंद

बोट १४ फुटी फायबरची, मोटर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली: ४० एचपी टू-स्ट्रोक, लाँग शाफ्ट, हाताने उचलायची. मोटरचं वजन साधारण ७५ किलो. जळगाव-भुसावळ पट्ट्यातून हतनूर-वाघूर धरणांना जाणं सोपं. पण उकई धरणाचं बॅकवॉटर गाठायचं तर कोंडाईबारी घाट उतरावा लागतो, आणि नर्मदेच्या काठाला जायचं तर चांदसैली घाटाची वळणं. टेकू म्हणजे बोट ओढताना उचललेल्या मोटरचा भार ट्रेलरवर घेणारा दांडा. त्याचं काम त्या रस्त्यांचा विचार करून हाती घेतलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. मोटर वर उचलल्यावर जो खटका बसतो, तो रस्त्यासाठी नाही. बोट उभी असताना प्रॉप (पंखा) बघायला, गाळ काढायला, मोटर पाण्याबाहेर ठेवायला तो दिलेला असतो. कंपन्यांच्या पुस्तिकांतही बोट ओढताना त्याच्यावर मोटर ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण धक्क्यांनी खटका सुटून मोटर खाली आदळू शकते. खटका टिकला तरी मार ट्रान्समला, म्हणजे मोटर जिला अडकवलेली असते त्या बोटीच्या मागच्या फळीला बसतो. समजा, उभ्या मोटरचा भार ट्रान्समच्या मागे १५ सेंटिमीटरवर पडतो आणि उचलल्यावर ४५ वर जातो. म्हणजे मागच्या फळीला पिळणारा जोर तिप्पट झाला. खड्ड्यात चाक आपटून वजन क्षणभर दुप्पट झालं, तर सहापट. ट्रान्समच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी मुरून ते कुजलेलं असेल तर तडा कोपऱ्यांपासून सुरू होतो. म्हणून टेकू बनवण्याआधी हातोडीच्या दांड्याने सगळा ट्रान्सम ठोकून पाहा. भरीव, टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तर टेकू बाजूला ठेवा आणि आधी ट्रान्समचं काम करा.

जागा असेल तर मोटर उभीच ठेवून नेणं सर्वांत चांगलं, मोटर आपोआप वर उचलू न देणारं लॉक लावून. अडचण जमिनीपासूनच्या अंतराची आहे. आमच्या मांडणीत स्केग, म्हणजे मोटरच्या तळाचं पातं, ट्रेलरच्या चाकांच्या मागे १.६ मीटरवर येतो. सपाट रस्त्यावरून गाडी ८ फुटांना १ फूट अशा चढाला लागली, की शेपटीकडची जागा तिथेच २० सेंटिमीटरने कमी होते. धरणाच्या मुरमाड काठावरून वर येताना नेमकं हेच होतं. गावातले गतिरोधक तर कुठल्याच मापात नसतात. सपाटीवर बोट लादून स्केगखाली ३० सेंटिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर मोटर उचलावीच लागणार. आमची भरली २२. उचलायची, पण लागेल तेवढीच. उंची जितकी वाढेल तितका पीळ वाढतो.

झालेलं काम असं. बाहेरचा पाइप ४० मिलिमीटर चौकोनी, भिंत ३ मिलिमीटर, म्हणजे आत ३४ उरतात. त्यात ३२ चा चौकोनी पाइप सरकतो. सरकतो म्हणायचं, पण बाहेरच्या पाइपच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची शिवण असते आणि तिथे अडतो. लांब कानशीने ती शिवण घासावी लागते, आणि पाइप विकत घेतानाच दोन्ही तुकडे एकात एक घालून पाहावेत. ३० चा घेतला तर चारही बाजूंनी ढिला बसतो, वाजत राहतो आणि भोकं लांबट होतात. दर २५ मिलिमीटरवर आरपार भोक, त्यात १२ मिलिमीटरची पिन आणि आर-क्लिप.

खालचं टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या बारला. ६ मिलिमीटर प्लेटचे दोन कान, मध्ये १२ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा बोल्ट, नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. नट आवळून जाम करू नका, टेकू त्यावर फिरला पाहिजे. कान बारला वेल्ड केले नाहीत, यू-बोल्टने धरले. बार गॅल्वनाइज्ड आहे, वेल्डिंगने जस्त जळतं आणि गंज तिथूनच शिरतो.

वरचं टोक म्हणजे बेचकं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि जायलाच हवा. मोटरचा पाय (पाण्यात जाणारा खालचा भाग) पुढच्या कडेने, प्रॉपमागच्या गिअरकेसच्या लगेच वर, बेचक्यात बसतो. पाणी ओढणाऱ्या जाळीवर रबर येता कामा नये, आणि प्रॉपला तर काहीच टेकू नये. बेचक्याचे हात आखूड ठेवले तर धक्क्यात पाय बाहेर उडी मारतो. किमान १० सेंटिमीटर हवेत. आत कन्व्हेयर बेल्टचा १० मिलिमीटर जाड तुकडा चापट डोक्याच्या बोल्टने बसवला, डोकी रबरात बुडवून. नुसता गोंद मे महिन्यातल्या ४५ अंशांत सुटतो. वरून पाय आणि टेकू यांना मिळून रबरी पट्टा. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी त्याला पुरते, मात्र चिरा दिसल्या की बदलायची.

आता क्रम, कारण बिघाड इथेच होतात. बोट पाण्याबाहेर आली की मोटर पूर्ण खाली करून आतलं पाणी निथळू द्या. मग बोटीचा मागचा भाग ट्रेलरला आवळा: ट्रान्समच्या दोन्ही कड्यांपासून दोन रॅचेट पट्टे. टेकू त्यानंतर. बोट सैल असताना टेकू लावला, तर ट्रेलर एकीकडे उडतो आणि बोट दुसरीकडे, आणि मधला टेकू घणासारखा मोटरवर ठोके मारतो. टेकू नुकसान करतो अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी अनेकदा हाच सैल पट्टा असतो. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो, आणि काठावर तो भिजतोच.

पुढे मोटर लागेल त्यापेक्षा थोडी वर उचलून टेकू खाली लावा, मग हळूच सोडून वजन टेकूवर घ्या. खटक्यावर भार उरता कामा नये. तो बोटाने हलवून पाहा. स्टिअरिंग सरळ ठेवून आवळा, नाहीतर घाटातल्या वळणावर पाय बेचक्यातून बाजूला ओढला जातो. पेट्रोलची नळी काढा, टाकीचा हवेचा स्क्रू बंद करा. हायड्रॉलिक मोटर असेल तर बटण दाबून ती टेकूवर हलकी टेकेपर्यंतच खाली आणा. पंप गुरगुरायला लागेपर्यंत दाबू नका.

१५ एचपीपर्यंतच्या छोट्या मोटरींना हा सगळा खटाटोप नको. काढून गाडीतच न्याव्यात. फोर-स्ट्रोक आडवी करायची तर पुस्तिकेत दिलेल्याच कुशीवर, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

ट्रान्समच्या बोल्टच्या नटांवरून प्लेटपर्यंत नेलपॉलिशची सरळ रेघ ओढली आहे. रेघ तुटली की नट फिरला. पहिल्या ५ किलोमीटरनंतर थांबून बघायचं, मग दर ५० ला, आणि घाट उतरल्यावर पुन्हा. पट्टे पहिल्या थांब्यावर हमखास एक-दोन दात ढिले होतात, कारण बोट ट्रेलरच्या गादी लावलेल्या फळ्यांवर बसत जाते.

बाकी राहिलेलं: पाइपच्या उघड्या तोंडांना टोप्या, आतल्या पाइपला झिंक प्रायमर, आणि दिव्यांची पट्टी मागे सरकवणं. उचललेली मोटर सध्या उजव्या इंडिकेटरसमोर येते. तोवर रात्री बोट ओढायची नाही आणि दिवसा स्केगला लाल फडकं बांधायचं.