पळस फुलला की: पाटणादेवी आणि पालच्या जंगलातली फोटोफेरी

खानदेशातल्या जंगलांचे फोटो काढायला माघाच्या मध्यापासून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. सागाची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे पावसाळ्यात दहा पावलांवर न दिसणारं भेकर आता लांबून नजरेत येतं. ओढे आटतात आणि पाणी मोजक्या डोहांवर उरतं. आधी काटेसावर, मग पळस आणि पांगारा फुलतो. या दिवसांत जनावराच्या मागे फिरू नका. फुललेलं झाड किंवा टिकलेलं पाणी हेरा आणि तिथे बसून राहा. चाळीसगाव, पाटणादेवी, रावेर, पाल ही फेरी याच हिशेबाने आखलेली आहे.

चाळीसगाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे. तिथून पाटणादेवी १८ किलोमीटर. हा भाग १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर नोंद आणि प्रवेशशुल्क आलंच. कॅमेऱ्याचं शुल्क आणि बाहेर पडण्याची वेळ तिथेच विचारून घ्या. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय अभयारण्यात तो उडवता येत नाही.

इथल्या उजेडाची एक खुबी आहे. सातमाळा डोंगररांगेचे कडे दक्षिणेला उभे आहेत आणि या दिवसांत सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो, पण चंडिकादेवीच्या मंदिरामागच्या दरीत ऊन बऱ्याच उशिरा उतरतं. पहिल्या तासाभरात मोकळ्या बाजूच्या पळसावर ऊन आणि मागचा कडा सावलीत, अशी स्थिती मिळते. फुलोरा उजळ, पार्श्वभूमी जवळपास काळी. वेगळं काही न करता फोटो उठून येतो. केदारकुंडाचा धबधबा मात्र या दिवसांत कोरडा असतो, त्याच्यासाठी पायपीट करू नका.

पळसाचा रंग कॅमेऱ्याला फसवतो. साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक दिसतं आणि लाल रंग मात्र केव्हाच हाताबाहेर गेलेला असतो. घरी आल्यावर पाकळ्यांच्या जागी सपाट केशरी डाग दिसतो, शिरा गायब. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा, लाल रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर कमी करा (थेट उन्हात साधारण पाऊण ते एक स्टॉप) आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर पूर्ण फ्रेम केशरी असताना कॅमेरा ती निळसर करतो. ५२०० केल्विनवर ठेवून द्या. सकाळी मावळतीच्या बाजूला उभं राहून पाहिलं की उन्हाने पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात आणि काळ्या मखमली कळ्यांच्या कडेची लव चमकते. ही लव टिपायची तर झाडाच्या मुख्य फुलोऱ्याचा नाद सोडा आणि एकट्या खालच्या फांदीवर लक्ष द्या.

पळसावर आणि सावरीवर पक्षी येतात ते मधासाठी, आणि मध सकाळी जास्त असतो. पहिले दोन तास वर्दळ, मग ओसरते. भोरड्यांचे थवे, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, टकाचोर, पोपट, आणि या दिवसांत निळा-जांभळा चमकदार पिसारा ल्यालेला शिंजिराचा नर. शिंजीर एका फुलावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. तो जाईल त्या फुलाच्या मागे लेन्स फिरवण्यापेक्षा ताजी उमललेली, मोकळ्या पार्श्वभूमीची एक डहाळी निवडा, फोकस तिथे लावून ठेवा आणि वाट पाहा. तो त्याच फुलांवर पुन्हा पुन्हा येतो. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. बसलेल्या मैनेला १/८०० पुरतं. सावरीची फुलं खाली पडली की माकडं आणि भेकरं ती खायला येतात, म्हणून सावरीखाली पडलेला सडा ताजा आहे का ते बघा. ताजा आणि अर्धवट चावलेला असेल तर दुपारनंतर तिथेच बसा.

लेन्सचं म्हणाल तर १००–४०० किंवा १५०–६०० मिलिमीटरची पुरते, सोबत एक वाइड. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी न्या आणि चाळीसगावच्या बाजारात दीड-दोन किलो दादर ज्वारी भरून घ्या. गाडीच्या खिडकीत ट्रायपॉडपेक्षा तीच कामाची. निष्पर्ण फांद्यांच्या जाळीत ऑटोफोकस पुढच्या काडीवर अडकतो. एकच बिंदू निवडा, शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस करा, आणि तरीही जमत नसेल तर अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरका. बहुतेक वेळा तेवढ्याने फट सापडते.

दुसरा टप्पा सातपुड्याचा. रावेर भुसावळ–खंडवा मार्गावर आहे, तिथून पाल वळणावळणाच्या घाटरस्त्याने. यावल अभयारण्याचा हा भाग. पालच्या विश्रामगृहाचं आरक्षण वनविभागाकडे आधीच करून ठेवा. पेट्रोल रावेरला भरून घ्या, फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण घाट चढला की रेंजचा भरवसा नाही. जेवण आधी सांगितलं तरच मिळतं. माणशी चार लिटर पाणी गाडीत हवंच. सकाळी जॅकेट लागतं आणि दुपारी पारा पस्तिशीकडे सरकतो.

सुकी नदीच्या काठाने वाट आहे तिथे स्थानिक वाटाड्या घ्या. पावरा आणि तडवी समाजातल्या पोरांना कुठला डोह अजून टिकलाय, ते ठाऊक असतं. त्यांना मोबदला ठरवून, वेळेवर द्या. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात आणि तो आवाज जंगलभर जातो. म्हणून उजाडायच्या आधी डोहाशी पोचा, वारा डोहाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला बसा, आणि बसायच्या जागेची पानं हाताने बाजूला करून घ्या. नंतर कुशी बदलली तरी आवाज होणार नाही. पाण्याच्या अगदी काठावर बसू नका. तुमच्यामुळे जनावर तहानलेलं परत गेलं तर त्याला दुसरं पाणी किती लांब आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

इथलं खरं धन रानपिंगळा, हे छोटं घुबड. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तोरणमाळच्या बाजूला आणि यावलच्या सागाच्या जंगलात तो आहे. साध्या पिंगळ्याशी गफलत होते म्हणून डोकं नीट बघा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो दिवसा वावरतो, सकाळच्या उन्हात सागाच्या बोडक्या शेंड्यावर बसलेला दिसतो. हे त्याचे विणीचे दिवस. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावू नका, ढोलीजवळ थांबू नका, आणि फोटो टाकताना जागा लिहू नका. कॅमेऱ्यातलं जीपीएसही बंद ठेवा. तो अंग आक्रसून ताठ बसला, तुमच्याकडे टक लावून शेपटी झटकू लागला, की तुम्ही फार जवळ गेला आहात. मागे सरा.

निसर्गदृश्यांसाठी इथे कांडोळ शोधा. पानं नसतात आणि फिकट गुलाबी-पांढरं खोड निळसर पहाटेत चमकतं. सूर्य उगवायच्या वीस मिनिटं आधी ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८, एक ते चार सेकंद. ऊन पडलं की ती जादू संपते. घाटाच्या वळणांवरून खाली रावेरच्या केळीच्या बागा दिसतात. उघडे तपकिरी डोंगर आणि खाली गर्द हिरवा पट्टा, असा विरोध या दिवसांत मिळतो. धूसरपणा असतोच. सूर्य काटकोनात ठेवून पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) वापरला की तो थोडा कमी होतो, पण २४ मिलिमीटरपेक्षा वाइड लेन्सवर आकाशात गडद पट्टा उमटतो.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते साडेनऊ-दहानंतर. जमीन तापली की वर उठणारी हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून नीलगाय पाण्याखाली असल्यासारखी येते. शटर वाढवून फरक पडत नाही, महागडी लेन्सही वाचवत नाही. दोष लेन्सचा समजून लोक दुरुस्तीला नेतात. उपाय दोनच: अंतर कमी करा, किंवा नांगरलेलं शेत, डांबर आणि खडक मध्ये येणार नाही अशी सावलीतली जागा धरा. गाडीतून काढत असाल तर एसी आणि इंजिन बंद करून दोन्ही काचा खाली करा, बॉनेटवरून फोटो घेऊच नका.

धूळ हा दुसरा शत्रू. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, लेन्स गाडीत पिशवीच्या आत बदला. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच कापड लावा. कोरडं कापड थेट फिरवलं तर मातीतली रेती काचेवर ओरखडे काढते.

मोहाखालचा पाचोळा फुलांच्या वेचणीसाठी पेटवला जातो तो याच सुमारास, आणि त्यातून वणवा पसरतो. बिडी-सिगारेट, चूल काहीही नको. धूर दिसला तर फोटो बाजूला ठेवून आधी वनरक्षकाला कळवा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार (होळीआधीचे आदिवासी बाजार) भरतात. तेव्हा एसटी खचाखच असते आणि वाटाडे सणात असतात. जंगलासाठीच जायचं असेल तर तो आठवडा टाळा. बाजाराचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि काढलेल्या फोटोच्या प्रती पुढच्या खेपेला नेऊन द्या.